रकाना सातवा : घरची भाषा

रवि., २४ ऑगस्ट

बस नऊ मिनिटं उशिरा. इनाया माझा अबाया मुठीत धरून उभी. रडली नाही. साडेसहा वर्षांची पोर, पाठीवर तिच्याएवढंच दप्तर. आजपासून दोन भाषांची शाळा. रविवार-मंगळवार सगळं अरबीत, सोमवार-बुधवार सगळं इंग्लिशमध्ये, गुरुवारी अर्धं-अर्धं. जेद्दात अकरा वर्षं झाली, इक्बालची अरबी गोदामापुरती आणि माझी भाजीवाल्यापुरती. पोरीचं तरी नीट होऊ दे.

सीट मिळाली ती इक्बालच्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, बायकोमुळे. मॅडमनी प्रिन्सिपलला स्वतः फोन केला. तेव्हापासून नवरा मॅडमचं नाव घेताना खुर्चीत ताठ बसतो. माझं नाव घेताना कधी बसला नाही.

फॉर्मचं इथे लिहून ठेवते, दुसरं कुणाला सांगणार. रकाना सातवा: घरी बोलली जाणारी पहिली भाषा. घरी आम्ही कोकणीच बोलतो, आमची बाणकोट खाडीकडची मुसलमानी कोकणी. इक्बाल म्हणाला, उर्दू लिही. त्यांच्याकडे जनगणनेपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे उर्दूच लिहितात, बोलता येवो न येवो. माझ्या माहेरीही तेच. मातृभाषेच्या रकान्यात आमच्यात कुणी कधी खरं लिहिलेलंच नाही. मी म्हटलं, उर्दू लिहिलं तर म्हणतील इंडियन स्कूलमध्ये जा. शेजारी एक गोरी बाई फॉर्म भरत होती. तिच्या कागदावर 'इंग्लिश' दिसलं. तेच लिहिलं. डी.एड.ला कधी कॉपी केली नाही, ती इथे केली.

इक्बालने वाचलं आणि कागद पुढे सरकवला. खाली बारीक अक्षरात: माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द. सगळ्याच फॉर्मवर असतं ते.


शुक्र., १९ सप्टें.

खालच्या मजल्यावरच्या शबनमकडे दावत. आपली कोकणी, अझीझिया भागातली सात-आठ कुटुंबं. जेवणाआधी मी इनायाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि अरबीत वार म्हणायला लावले, महिने म्हणायला लावले. आरशासारखे स्वच्छ उच्चार. शबनमची दोन्ही पोरं इंडियन स्कूलला, त्यांना फक्त कुराणातल्या सुरा पाठ. आम्हा सगळ्यांसारख्याच, अर्थाशिवाय. शबनमचं तोंड बघण्यासारखं झालं. मला इतकं बरं वाटलं की बिर्याणी दोनदा घेतली.

नंतर इनाया पोरांना घेऊन गॅलरीत बसली आणि दादीची चिंबोरीची, म्हणजे खेकडीची, गोष्ट सांगत होती. चिंबोरी रुसते, बिळातून बाहेर येत नाही, मग तिची सासू येते. सगळी कोकणीत, हातवारे करून. पोरं लोळत होती. तोंड म्हणजे पाण्याची मोटर, एकदा चालू केली की बंद होत नाही. शबनम म्हणाली, "इनायाना काय टीचर लागते? हीच टीचर हाय." टोमणा होता की काय कोण जाणे. मी घेतला नाही.


सोम., ६ ऑक्टो.

डायरीत चिठ्ठी. इंग्लिशच्या मिस कॅरनकडून. 'इनाया इंग्लिशच्या दिवशी अजिबात बोलत नाही. घरी काही झालंय का?'

घरी काय होणार. विचारलं तर इनाया म्हणते, "अम्मी, त्या लय भरभर बोलतात." मग मी विचारलं, अरबीच्या मिस रीम भरभर बोलत नाहीत? "त्या चित्र दाखवतात. सगळ्यांनाच येत नाय ना, म्हणून."


गुरु., १६ ऑक्टो.

शाळेत मीटिंग. मिस कॅरन, मिस रीम, आम्ही दोघं. छोट्या खुर्च्या. इक्बालचे गुडघे छातीला.

आता कळलं काय झालंय ते. अरबी ज्यांच्या घरी आहे त्या पोरांना इंग्लिशच्या दिवशी वेगळी मदतनीस बाई मिळते. ज्यांच्या घरी इंग्लिश, त्यांना अरबीच्या दिवशी. इनायाच्या कागदावर 'घरी इंग्लिश'. त्यामुळे ती गोऱ्यांच्या पोरांच्या गटात, त्यांचीच पुस्तकं, इंग्लिशच्या दिवशी मदतनीस नाही. अरबीच्या दिवशी ती बरी चालते, इंग्लिशच्या दिवशी दगड. मिस कॅरनचं म्हणणं: नवी भाषा जमते आणि स्वतःची जमत नाही, हे काळजीचं आहे.

मग तिने अगदी सावकाश विचारलं, घरी तुम्ही इंग्लिशच बोलता ना? नेहमी?

ती वेळ होती. खोलीत चार माणसं, एक वाक्य सांगायचं. इक्बाल म्हणाला, "येस. हंड्रेड पर्सेंट." मी म्हणाले, "येस मॅडम, ऑल द टाइम शी इज स्पीकिंग."

माझं इंग्लिश ऐकून मिस कॅरन क्षणभर वहीकडे बघत राहिली. शहाणी असेल तर तिथेच समजली असेल. पण कागदावर लिहिलेलं आहे, बापाने हंड्रेड पर्सेंट सांगितलंय, ती तरी काय करणार. तिने लिहून घेतलं. जानेवारीत तपासणी. बाहेरून स्पेशालिस्ट येईल. पोरीच्या वाढीतच दोष निघाला तर हा वर्ग सुटणार, तळमजल्यावरच्या सपोर्ट रूममध्ये बसवणार, आणि रिपोर्ट कायम फाइलला. पुढच्या प्रत्येक शाळेत तो तिच्या आधी पोचणार.

गाडीत इक्बाल: "तीन महिने हायत. तू टीचर होतीस ना? शिकव."


शनि., १८ ऑक्टो.

कायदा लागू. घरात फक्त इंग्लिश. कोकणी बंद, खलास.

सकाळी इनाया स्वैपाकघरात आली. "अम्मी, मना पानी दे." मी ऐकलंच नाही असं केलं. कांदा चिरत राहिले. परत म्हणाली. परत कांदा. मग माझा दुपट्टा ओढला. मी वळून म्हटलं, "आय डोन्ट अंडरस्टँड." माझ्याच पोटची पोर आणि मी तिला सांगतेय की तू काय बोलतेस ते मला कळत नाही.

ती ग्लास घेऊन उभी राहिली. किती वेळ ते बघितलं नाही. कांदे चार होते, चारही चिरून झाले. मग बारीक आवाजात, "वॉटर प्लीज."

दिलं. मी जिंकले.


शुक्र., ३१ ऑक्टो.

गावाहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. दर जुम्म्याला नमाजनंतर येतो. गेल्या जुम्म्याला मी इनायाला झोपवून ठेवलं होतं. आज फोन तिनेच उचलला.

"कशी हाय माझी बाय? बोल गो."

इनायाने माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी. "आय अॅम फाइन, दादी. हाऊ आर यू?"

मला वाटलं म्हातारी रागावेल, रडेल, इक्बालला चार शब्द सुनावेल. कुठलं काय. तिने फोन फिरवून शेजारणींना दाखवला. "बघा बघा, मडमीन झाली माझी नात!" आनंदाने डोळ्यांत पाणी. मग परत, "बोल बोल, अजून बोल." इनायाने दोन वाक्यं म्हटली. दादीला एक अक्षर कळलं नाही, प्रत्येक वाक्याला मान डोलावली. चिंबोरीची गोष्ट अर्धी राहिली होती ती दोघींपैकी कुणी काढली नाही.

फोन ठेवल्यावर इनायाने विचारलं नाही की बरोबर बोलले का. मीच म्हटलं, "गुड." तिने टी.व्ही. लावला.


शुक्र., ७ नोव्हें.

सासूबाईंनी शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडून शिकून घेतलंय. कॉल लागल्या लागल्या, "हाव आर यू, माय बाय?" तीनदा म्हणाल्या. सत्तरीची बाई नातीशी बोलता यावं म्हणून पाठांतर करतेय. इक्बाल हसून हसून लाल. मीही हसले. इनाया हसली नाही. "फाइन," म्हणाली आणि फोन मला दिला.


बुध., १२ नोव्हें.

इंग्लिशचा दिवस. बसमधून उतरली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी ढगळ पँटमध्ये. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत ओला युनिफॉर्म. चिठ्ठी: वर्गात झालं, तिने विचारलं नाही, यापूर्वीही एकदा झालं होतं.

अरबीच्या दिवशी ती बाथरूमला विचारते. मिस रीमनेच मागे सांगितलं होतं, किती छान विचारते म्हणून. इंग्लिशच्या दिवशी नाही विचारत. चुकलं तर सगळे गोरे वळून बघतील म्हणून बसून राहिली असेल. हे मला आत्ता लिहिताना समजतंय. तेव्हा दिसली ती फक्त पिशवी, आणि बसच्या खिडकीतून बघणारी पोरं.

दार लावलं आणि एक चापट मारली. ती रडायला लागली. "अम्मी नको गो, नको गो, मी परत नाय करनार."

मग मी दुसरी मारली. पहिली कपड्यांची होती. दुसरी कसली होती ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तिलाही. कारण दुसरीनंतर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "सॉरी अम्मी."

मी वाईट बाई आहे. हे कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं. म्हणून इथे मीच लिहिते.


गुरु., १३ नोव्हें.

गालावर काही दिसत नाही. तीनदा बघितलं.


शनि., २२ नोव्हें.

घरात शांतता. मी शाळेत शिकवत असते तर म्हटलं असतं, वर्ग शिस्तीत आला. इनाया आता बोटाने दाखवते. बिस्किटांचा डबा, बोट. चप्पल, बोट. इंग्लिश येत नाही आणि कोकणीला बंदी, मग राहिलं काय? बोट. शबनमची पोरगी खेळायला आली आणि अर्ध्या तासात परत गेली. जिन्यातून तिचा आवाज, "ती बोलतच नाय."

दुपारी जेवताना इक्बालला म्हटलं, मी शाळेत जाऊन सांगते. खोटं लिहिलं, माफ करा, घरी कोकणी बोलतो, पोरीला मदतनीस द्या.

तो भात कालवायचा थांबला. "आणि मॅडम? मॅडमनी शब्द टाकलाय. प्रिन्सिपल त्यांना फोन करनार, तुमच्या मानसाने खोटा फॉर्म भरला. माझा इकामा मार्चमध्ये हाय नवा करायचा." राहण्याचा परवानाच तो, मॅडमच्या नवऱ्याच्या सहीने मिळतो.

मी म्हटलं, मग पोरीला वेडी ठरवू दे?

"वेडी कोन म्हनतंय. सपोर्ट रूम म्हनतायत. एसी हाय, खेळनी हायत."

मग मी जे नको ते बोलले, त्याच्या गोदामाबद्दल आणि मॅडमच्या गाडीचं दार उघडण्याबद्दल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले आणि टॉवेलला पुसत म्हणाला, "तू लिवलंस ना? तूच निस्तर."

आणि तू हंड्रेड पर्सेंट म्हणालास ते? मी विचारलं. हसला. "मी तर तुझंच वाचून दाखवलं."

इनाया समोरच बसून जेवत होती. आम्ही हे सगळं कोकणीत बोललो. कायदा तिच्यापुरताच आहे.


मंगळ., ९ डिसें.

मिस रीमने बोलावलं. एकटीला. जॉर्डनची आहे, माझ्याच वयाची, तोडक्या इंग्लिशमध्ये बोलते आणि मध्ये मध्ये माझा हात धरते. तिच्यासमोर मला माझ्या इंग्लिशची लाज वाटत नाही.

म्हणाली, इनाया सुट्टीत खिडकीशी बसते. पेन्सिलच्या डब्यात एक रबराचा खेकडा आहे, त्याच्याशी बोलते. खूप बोलते. हळू आवाजात, न थांबता, कधी हसते, कधी रागावते. अरबी नाही, इंग्लिश नाही. "कुठली भाषा आहे ही? किती गोड आहे. मला वाटतं, ती त्याला गोष्ट सांगते."

दार उघडं होतं. इनाया बाहेरच्या बाकावर दप्तर घेऊन बसलेली.

माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत सगळं: फॉर्म, मॅडमचा फोन, इकामा, इक्बालचा टॉवेल. मी म्हटलं, "नो नो, मिस. इट इज नॉट लँग्वेज. शी इज मेकिंग. बेबी टॉक."

मिस रीमने माझा हात सोडला नाही. उलट घट्ट धरला. "ओह," म्हणाली. "या अल्ला." तिच्या डोळ्यांत दया आली. आणि मग तिने तेही लिहून घेतलं.

म्हणजे माझ्या आईची, तिच्या आईची बोली, जिच्यात आम्ही रडलो, भांडलो, मयताला निरोप दिला, ती आजपासून बेबी टॉक. मी सांगितलं, सही केल्यासारखं.

बसपर्यंत इनाया माझ्या पुढे दोन पावलं चालली. हात दिला नाही.


रवि., २१ डिसें.

घर आवरताना डी.एड.ची फाइल सापडली. लग्नाआधी दोन वर्षं झेड.पी.च्या शाळेवर पहिलीला होते. तिथे काशी म्हणून एक कातकऱ्यांची पोर होती. वर्षभर वर्गात बोलली नाही. माझं मराठी तिला समजत नसणार. पाड्यावर दुसरंच काही बोलत, आणि मला ते शिकायची काय गरज, मी बाई होते. सुट्टीत ती चिंचेखाली दगडांशी बोलायची. मी बघितलं होतं. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: मंदगती. छान वळणदार अक्षर माझं. तिचा बाप खाली अंगठा देऊन गेला. पुढच्या वर्षी ती आली नाही आणि मी चौकशीही केली नाही.

फाइल परत ठेवली. फेकून द्यायचं धाडस झालं नाही.


सोम., १२ जाने.

तपासणीआधीचा कागद आला, माहितीसाठी. शब्दकोश घेऊन बसले. 'पहिली भाषा: इंग्लिश. पहिल्या भाषेत बोलणं जवळजवळ नाही. लघवीवर ताबा सुटण्याच्या दोन घटना. खेळण्यांशी अर्थहीन आवाजात बोलते. आईच्या म्हणण्यानुसार ही भाषा नाही.'

आईच्या म्हणण्यानुसार.

इक्बालला वाचून दाखवलं. म्हणाला, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. मग गोदामाचा फोन आला आणि "यल्ला यल्ला" करत गेला.


बुध., २१ जाने.

तपासणी. स्पेशालिस्ट इजिप्शियन बाई, पांढरा कोट, गळ्यात चष्मा. प्रेमळ होती. हेच जास्त वाईट. एखादी खवट बाई असती तर तिच्यावर ढकलता आलं असतं. मला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि खूण केली, बोलायचं नाही. सगळं इंग्लिशमध्ये, कारण मुलीची भाषा इंग्लिश.

चित्रं दाखवली. छत्री, शिडी, कासव, किटली. इनाया गप्प. मला प्रत्येक चित्राला तिच्या तोंडातले शब्द ऐकू येत होते, उन्हाळ्यात गावी दादीबरोबर तिने हे सगळं बघितलंय. कासवावर बोट ठेवून तिने ओठ उघडले, माझ्याकडे बघितलं, मिटले. बाईने शून्य लिहिलं. मी खुर्चीत हाताखाली हात दाबून बसले होते. एकदा मान हलवली असती तरी पुरे होतं. म्हण गो बाय, जे येतंय ते म्हण. नाही हलवली.

पाऊण तासाने बाईने कागद बाजूला ठेवले, पुढे वाकली आणि सहज विचारलं, "इनाया, घरी अम्मीशी तू काय बोलतेस?"

इनायाने माझ्याकडे बघितलं नाही. सरळ बाईकडे बघून, खणखणीत: "वुई स्पीक इंग्लिश अॅट होम. ऑल द टाइम."

बाईने टाळ्या वाजवल्या. पूर्ण वाक्य! दिवसभरातलं पहिलं. लिहून घेतलं. मग इनायाच्या पेन्सिलच्या डब्यातला खेकडा काढून टेबलावर ठेवला. "आणि याच्याशी कोणत्या भाषेत बोलतेस?"

इनायाने खेकडा उचलला, डब्यात टाकला, झाकण लावलं.

"इट इज नॉट लँग्वेज," ती म्हणाली. "बेबी टॉक."

माझेच शब्द, माझीच चूक, माझ्याच आवाजात. बाहेरच्या बाकावरून तिने एक अक्षर सोडलं नव्हतं. सात वर्षंही न झालेल्या पोरीने मला वाचवलं. मी तिला वाचवलं नाही.

बाहेर पडताना बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी "थँक्यू डॉक्टर" म्हटलं.


गुरु., २९ जाने.

निकाल. भाषेचा विकास वयापेक्षा बराच मागे. सपोर्ट रूमची शिफारस. सोबत संमतीचा फॉर्म, रविवारी सही करून पाठवायचा. सोमवारपासून तळमजला.

वरची सगळी माहिती छापूनच आली आहे. सातवा रकाना: इंग्लिश. शेजारी एक मोकळी चौकट: 'बदल असल्यास येथे लिहा.' पहिल्या फॉर्मवर ही चौकट नव्हती. की मी बघितली नव्हती?

इक्बालने सही केली. त्याची आडवीतिडवी सही, दोन सेकंदांत. माझी जागा रिकामी. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय. तिथेच तिचं वारांचं कोष्टक होतं, ते तिने स्वतः काढून ठेवलंय.


शुक्र., ३० जाने.

सासूबाईंचा कॉल आला. "हाव आर यू, माय बाय?" इनाया आली नाही. मी सांगितलं, अभ्यास करतेय.

"करू दे, करू दे. मोठी होऊ दे," म्हणाल्या. मग जरा थांबून, "तिना माझं बोलनं समजतं ना गो अजून?"

मी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.


शनि., ३१ जाने.

इक्बाल गोदामात. दुपारचे तीन. पेन घेऊन फ्रिजसमोर गेले. ठरवून गेले होते. मॅडम गेली खड्ड्यात, इकामा गेला खड्ड्यात, फार तर गावी जाऊ, झेड.पी.च्या शाळेत घालू. मोकळ्या चौकटीत 'कोकणी' लिहायचं होतं. इंग्लिशमध्ये, पहिलं अक्षर के. पेन टेकवलं होतं.

मागे पावलं. इनाया ग्लास घेऊन उभी. "मे आय हॅव वॉटर, प्लीज." व्याकरण अगदी बरोबर.

मी पेन खाली ठेवलं. गुडघ्यांवर बसले, तिच्याएवढी झाले, आणि साडेतीन महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी कोकणीत बोलले. "घे गो बाय. घे पानी. तुना काय व्हया ते माग. आपल्या बोलीत माग, मी नाय मारनार."

ती हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे. मग परत तोंडाकडे. मला वाटलं रडेल, गळ्यात पडेल. पण तिने एक पाऊल मागे घेतलं. ग्लास दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि वाट बघत राहिली. मी तिला पकडायला हे बोलतेय असं तिला वाटलं. याच घरात, याच फरशीवर मीच शिकवलंय तिला ते.

मी परत म्हटलं, "घे गो."

"आय डोन्ट अंडरस्टँड," ती म्हणाली.

ग्लास भरून पुढे केला. घेत नव्हती. मी हात तसाच धरून ठेवला. शेवटी मीच म्हटलं, "टेक."

तिने घेतला. पूर्ण प्याली, ग्लास सिंकमध्ये ठेवला, "थँक्यू" म्हणून आत गेली.

फॉर्मवर चौकटीत एक ठिपका आहे, पेन टेकलं होतं तिथे. उद्या रविवार, अरबीचा वार. बस पावणेसातला येते.